संक्रांतीचे वाण व घरची चूल

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावोगावी हळदीकुंकू होते व स्त्रिया एकमेकींना वाण लुटतात. पुष्कळ शाळांतूनही माता-पालक मेळाव्यास जोडून हा समारंभ होतो. वाण अल्प मोलाचे असावे व सर्वांना सारखे मिळावे, हा जुना संकेत चांगलाच आहे. परंतु कर्जत, नेरळ किंवा खोपोलीच्या बाजारात अल्प मोलात डझनावारी मिळणारी वस्तू म्हणजे बहुधा प्लास्टिकची डबी, चाळणी किंवा साबणदाणी. ती लवकरच तडकते.

तडकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे शिक्षकांनी मुलांनाच विचारून पाहावे. ज्या वाडीवर कचरागाडी येत नाही, तेथे ती परसात जाळली जाते किंवा ओढ्यात पडते व तेथून उल्हास अथवा पाताळगंगेत जाते. पिशव्या तर चूल पेटविण्याच्याच कामी येतात. ओली लाकडे त्यांनी लवकर धरतात, हे खरे. तथापि क्लोरीनयुक्त प्लास्टिक अर्धवट जळाले म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये उत्पन्न होतात. ही द्रव्ये धुरात असतात तशी राखेतही उरतात, आणि शरीरात गेल्यावर चरबीत साठून राहतात. धूर सर्वांत अधिक घेते ती चुलीपाशी बसणारी आई व तिच्या मांडीवरील मूल. राख मात्र भांड्यांना व परसातील भाजीला जाते.

कायद्याने हे सारे थांबेल असे नाही. महाराष्ट्रात 2018 साली व देशभर 1 जुलै 2022 पासून जी बंदी आली, तीत प्लास्टिकचे पेले, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या डब्यांवरील पातळ वेष्टन यांसारख्या वस्तू येतात. वाणाची डबी येत नाही.

वेळूची सुपली किंवा परडी हे उत्तम वाण होय. परंतु ती विणण्यास बराच वेळ लागतो, आणि प्लास्टिकच्या भावात ती मागणे म्हणजे विणणाऱ्याची मजुरी बुडविणे. ज्या मातांना हा खर्च झेपणार नाही, त्यांच्यावर तो लादू नये. त्यापेक्षा प्रत्येकीने आपल्या परसातील दुधी, पडवळ, शिराळे किंवा भेंडीचे बी कागदाच्या पुडीत बांधून आणावे व सुगडातील तिळगुळाबरोबर द्यावे. खर्च काहीच नाही, आणि दरवर्षी बियाणे विकत घेण्याच्या दिवसांत घरचे वाण टिकते, हा लाभ निराळाच. असे वाण देताना शाळेत सुवासिनी व विधवा असा भेद करण्याचे कारण नाही. जुन्या लुगड्याच्या पिशव्या कार्यानुभवाच्या तासाला मुला-मुलींनी शिवाव्यात.

चुलीसाठी काटक्या, नारळाची सोडणे व पेंढा पावसापूर्वीच माळ्यावर चढवून ठेवावा. वाणात मिळालेले बी मृगापर्यंत टिकविण्यासाठी राखेत घोळून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. ती राख निव्वळ लाकडाचीच हवी.