लातूरची गंजगोलाई

नांदेड आणि लातूर हीं मराठवाड्यांतील दोन मोठीं व्यापारी शहरें. परंतु दोहोंच्या बाजारांची घडण निराळी आहे. नांदेडचा बाजार गोदावरीच्या काठीं यात्रेकरूंच्या पावलांमागून वाढला. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं तेथें निवर्तले. त्यांच्या स्मृतिस्थानीं उभ्या असलेल्या गुरुद्वारांत दूरदूरचे भाविक येतात. वस्ती जशी पसरली तसे तेथील रस्ते वळत गेले. लातूरची मुख्य बाजारपेठ मात्र आधीं कागदावर आंखली गेली आणि मग जमिनीवर उभी राहिली. तिचें नांव गंजगोलाई.

'गंज' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ खजिना. पुढें धान्याच्या पेठेसही तेंच नांव पडलें. 'गोलाई' म्हणजे वाटोळेपणा. लातूर तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग तेथवर आला आणि बैलगाड्यांतून येणाऱ्या मालास दूरची वाट मोकळी झाली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनीं चौकाचा आराखडा केला व मध्यभागची दुमजली इमारत १९१७ सालीं बांधली गेली. मध्यावर अंबाबाईचें देऊळ आहे आणि भोंवतालीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें सोळा रस्ते येऊन मिळतात. पॅरिसच्या प्रसिद्ध विजयकमानीपाशीं बारा रस्ते मिळतात. दिल्लीचें वर्तुळाकार कॅनॉट प्लेस तर १९३३ सालीं पुरें झालें. यावरून लातूरच्या योजनेची झेप ध्यानांत येईल.

या रस्त्यांवर धंद्यांची वांटणी झालेली आहे. कोठें सोन्याचे दागिने, कोठें पादत्राणें, कोठें मिरची, तर कोठें गूळ. एकाच जिनसाचीं दुकानें शेजारीं शेजारीं असलीं म्हणजे दुकानदारांचें नुकसान होत असावें, असें प्रथम वाटतें. वस्तुतः निवड करावयास मिळेल या खात्रीनेंच गिऱ्हाईक तेथें येतें, आणि त्याचा लाभ साऱ्यांस होतो. खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यास तर दहा पावलांत चार ठिकाणचा भाव कळतो. लेकीच्या लग्नासाठीं वर्षाची कमाई कनवटीस लावून आलेल्या माणसास ही सोय लहान नव्हे. पाटी वाचतां आली नाहीं तरी अडत नाहीं. मिरचीचा ठसका हीच त्या रस्त्याची पाटी.

नवखा मनुष्य गोलाईंत हटकून वाट चुकतो, कारण सारे रस्ते सारखेच भासतात. त्यानें आपण ज्या रस्त्यानें आलों तेथें काय विकलें जातें, एवढें लक्षांत ठेवावें. पहिल्या फेरींत नुसते भाव विचारावे आणि दुसऱ्या फेरींत खरेदी करावी. वर्तुळाचा गुण असा कीं, पुढें चालत राहिलें तरी मनुष्य पहिल्या दुकानापाशीं आपोआप परत येतो.

भाव उघड असणें ही गोष्ट पूर्वीं गृहीत धरण्याजोगी नव्हती. जुन्या पेठांतून शेतमालाचा सौदा रुमालाखालीं बोटें दाबून होत असे. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीं उभा असूनही बोलींविषयीं अंधारांत राही. हैदराबाद संस्थानांत १९३० सालच्या कायद्यानें नियंत्रित शेतमाल बाजारांचा पाया घातला गेला. आतां लातूरच्या बाजार समितीच्या आवारांत तूर व सोयाबीन यांचे सौदे होतात आणि गोलाई मुख्यतः किरकोळ खरेदीची पेठ झाली आहे. सकाळीं आवारांत माल विकावा व दुपारीं गोलाईंत बाजार करावा, असा अनेक शेतकऱ्यांचा क्रम असतो.

गोलाईचा आराखडा झाला तो बैलगाडीच्या व पायीं चालणाऱ्याच्या काळांत. आज त्याच वर्तुळांत मोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि हातगाड्या दाटीनें उभ्या असतात. हातगाडीवाल्याचें पोट त्या जागेवर आहे, हें विसरून चालणार नाहीं. परंतु चार दुकानें पायीं हिंडून भाव पडताळण्याची सोय हाच या पेठेचा प्राण आहे. गिऱ्हाइकास निवांतपणें फेरी घालतां येईल इतकी वाट मोकळी राहिली, तरच सोळा रस्ते एकत्र आणण्याचें सार्थक होईल.