खेळाडू कोणाला म्हणावे?

खेळणाऱ्या माणसाला मराठीत एकच नाव नाही. आखाड्यात उतरतो तो पैलवान, खो-खो-कबड्डीच्या मैदानात असतो तो गडी, पत्त्यांच्या फडात रमतो तो पत्तेबाज, पैसे लावून बसतो तो जुगारी. आणि ज्याच्यावर प्रमाणपत्राचा, पदकाचा अथवा वृत्तपत्रातील छायाचित्राचा शिक्का बसतो तोच तेवढा खेळाडू. क्रियापद सर्वांचे एकच असले, तरी ही नावे वर्णनाची नसून प्रतिष्ठेची आहेत. ज्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेथे तर हा प्रश्न शब्दांपुरता राहत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘खेळतो’ हे उत्तर ताठ मानेने द्यायचे की ओशाळून, हे त्याच्या खेळाला समाजाने कोणते नाव दिले आहे यावर ठरते.

गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याने देशाला दिलेली नावे पाहिली, म्हणजे हे नाव किती उशिरा आणि किती अटींवर मिळते ते ध्यानात येते. पाटोद्याचा राहुल आवारे याने २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सुमारे सहा किलोमीटरची वाट तुडवीत असे. त्या धावण्याला गावात कोणी खेळ म्हणण्याचे कारण नव्हते. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात त्याने नोकरी केली आणि २०१५ पासून सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींतून त्याचे धावणे ‘खेळ’ म्हणून मोजले जाऊ लागले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याचे सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. बीड शहराच्या सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, संघ ४ बाद ३२ असा कोसळला असताना, ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. मूळची याच जिल्ह्यातील, पुण्यात वाढलेली प्रियंका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती.

या चौघांचा गौरव करताना जिल्हा त्यांना एका पंक्तीला बसवितो. परंतु खेळाच्या जगात अशी एक पंगत नाही.

उतरंडीची घडण

प्रत्येक खेळात एक उतरंड असते आणि ती त्या खेळात वावरणाऱ्यांनीच रचलेली असते. मातीवर लढणाऱ्या जुन्या पैलवानाला गादीवरची कुस्ती गुणांच्या हिशेबाची वाटते. गादीवरच्या मल्लाला मातीची कुस्ती जत्रेपुरती वाटते. लेदर चेंडूने खेळणारा क्रिकेटपटू टेनिस चेंडूच्या स्पर्धांकडे हौसेचा मामला म्हणून पाहतो. गावोगाव टेनिस चेंडूवर ढाली आणि रोख बक्षिसे जिंकणारा फलंदाज म्हणतो, की तालुक्यात टर्फची खेळपट्टी नाही हा आपला दोष कसा? पैलवान क्रिकेटला श्रीमंतांच्या कौतुकाचा खेळ मानतो आणि क्रिकेट खेळणारा तरुण कुस्तीला आडदांडपणाचा समजतो. खो-खो खेळणाऱ्या मुलीला तर ‘हा शाळेतला खेळ, मोठेपणी काय कामाचा?’ हे वाक्य घरात आणि घराबाहेर ऐकावे लागते. या सर्वांत एक गोष्ट मात्र समान आहे. खेळ आणि पोरखेळ यांच्यामधील रेषा प्रत्येकजण स्वतःच्या पायाखालीच ओढतो. आपण रेषेच्या वर आणि शेजारचा खाली.

या उतरंडीत गेल्या काही वर्षांत एक नवा वर्ग दाखल झाला आहे. तो मैदानावर दिसत नाही; पारावर, एस. टी. च्या थांब्यावर आणि वसतिगृहाच्या जिन्यात मोबाईलच्या पडद्यावर मान घालून बसलेला दिसतो. पैलवान, धावपटू, क्रिकेटपटू हे एरवी एकमेकांशी कितीही भांडोत, या वर्गाला खेळाडू म्हणायचे नाही यावर त्यांचे एकमत आहे. ‘घाम येत नाही तो खेळ कसला?’ हा त्यांचा सवाल आहे.

त्या तरुणाचे स्वतःविषयीचे मत अर्थातच निराळे आहे. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी टिकून राहणारा गट जिंकतो, अशा खेळात चौघांचा संघ बांधावा लागतो, नकाशा पाठ करावा लागतो, साथीदाराच्या एका शब्दावर निर्णय घ्यावा लागतो. यात कौशल्य नाही असे म्हणणाऱ्याने तो खेळ पाहिलेलाच नाही, असे त्याचे म्हणणे. तालमीसाठी पुण्या-कोल्हापूरला राहावे लागते, खुराकाला पैसा लागतो. मोबाईल मात्र घरात आहेच, हाही त्याचा युक्तिवाद निकालात काढण्यासारखा नाही. पण हा तरुणही उतरंडीपासून मुक्त नाही. पबजी खेळणारा ‘फ्री फायर’ खेळणाऱ्याला कमी लेखतो, कारण तो खेळ हलक्या किमतीच्या फोनवरही चालतो. म्हणजे येथेही कौशल्याच्या नावाखाली ऐपतच मोजली जाते. हे दोघे मिळून लुडो खेळणाऱ्यांना हसतात. आणि दुपारच्या निवांत वेळी पडद्यावर रंगीत गोळ्या जुळविणारी गृहिणी तर स्वतःला कोणत्याच अर्थाने खेळाडू समजत नाही, मग तिचे कसब कितीही असो.

शासनाची मोजपट्टी

शासनाने या नव्या वर्गाविषयी घेतलेल्या भूमिकाही एकसारख्या राहिलेल्या नाहीत. २ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. मधल्या काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना बहुविध क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत या खेळांना प्रथमच अधिकृत पदके होती. त्याच स्पर्धेत १ ऑक्टोबर रोजी अविनाश साबळे याने अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या पार करून मिळविलेले सुवर्ण आणि खुर्चीवर बसून मिळविलेले सुवर्ण पदकांच्या तक्त्यात एकाच रकान्यात मोजले गेले. खो-खोला मात्र त्या तक्त्यात स्थान नव्हते. तेव्हा पदकांच्या यादीत असणे हीच खेळाची कसोटी मानायची, तर प्रियंका इंगळेपेक्षा पडद्यावरचा नेमबाज अधिक खेळाडू ठरतो. ही कसोटी कोणत्याही शिक्षकाला पटणार नाही.

दुसरी कसोटी कायद्याची. ती बुद्धी आणि नशीब यांच्या भेदावर उभी होती. सिकंदराबादच्या एका क्लबातील पत्त्यांच्या डावावरून हैदराबादच्या जुगारविरोधी कायद्याखाली खटला झाला आणि १९६७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे हे ठरविणे याला बुद्धी लागते, हे त्यामागील कारण. तीनपत्तीला मात्र न्यायालयाने ही सवलत दिली नाही. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या बीडच्या पारांवर हा भेद न्यायालयाला विचारून पाळला जात होता असे नव्हे. तथापि रमी खेळणारा स्वतःला तीनपत्तीवाल्याहून वरचा मानतो, हे खरे. पुढे रमी मोबाईलवर आली तेव्हा कंपन्यांनी हाच अभिमान जाहिरातीत वापरला. ‘हा जुगार नाही, बुद्धीचा खेळ आहे’ असे सांगण्यात आले. क्रिकेटवर पैसे लावून ‘टीम लावणारा’ तरुणही स्वतःला जुगारी समजत नव्हता. तो स्वतःला क्रिकेटचा जाणकार समजत होता. भारतीय संघाच्या छातीवर जुलै २०२३ पासून दोन वर्षे अशाच एका कंपनीचे नाव झळकत होते. मग त्या तरुणाने तसे समजू नये तर काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे साबळे याच्या सुवर्णपदकाच्याच दिवसापासून, अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला आणि शासनही या डावाचे वाटेकरी झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने ही रेषा पुसून दुसरी ओढली. ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे तीन वर्ग त्याने पाडले. पैशाचा खेळ बुद्धीचा असो वा नशिबाचा, तो चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवण्यात आली नाही. अशा खेळांत सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी दिला. त्याच्या आदल्याच महिन्यात राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या हातातील मोबाईलवर रमीचा डाव दिसणारी चित्रफीत विधान परिषदेतून बाहेर आली होती. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला. महिनाअखेर त्यांचे खाते बदलले आणि त्यांना मिळाले ते क्रीडा व युवक कल्याण खाते. खेळ म्हणजे काय याविषयी राज्यकर्त्यांच्याच मनात किती गोंधळ आहे, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पैसा कोणाचा?

कायद्याने पैशाकडे बोट दाखविले, ते योग्यच झाले. परंतु पैसा खेळात आला की खेळ बाटतो, हेही पूर्ण सत्य नव्हे. जत्रेच्या फडात नारळाच्या कुस्तीपासून हजारो रुपयांच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पैसा असतोच. पण तो गावाने वर्गणी काढून जमविलेला असतो. जिंकणारा इनाम घेऊन जातो. हरणाऱ्याने पदरचे काही लावलेले नसते, आणि चितपट झालेल्या मल्लाच्या पाठीवरची माती झटकून त्याच्या हातावरही चार पैसे ठेवण्याची रीत अनेक फडांत आहे. मोबाईलवरील पैशाच्या डावात सारे उलट होते. पैसा खेळणाऱ्यांचाच, प्रत्येक डावातून कंपनीचा वाटा आधीच कापलेला, आणि हरणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायला समोर कोणी नाही. तो एकट्याने हरतो आणि हरलेले परत मिळविण्यासाठी एकट्यानेच पुन्हा बसतो.

म्हणून खेळाडूपणाची कसोटी घाम ही नव्हे, पदक ही नव्हे आणि बुद्धी हीही नव्हे. हरणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरते, ही आहे. कुस्ती हरलेल्या मुलाकडे कसलेले शरीर आणि शिकलेला डाव उरतो. शर्यतीत मागे पडलेल्या मुलीकडे दम उरतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत साबळे अकरावा आला. पण अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष हे त्याचे स्थान त्या हरण्याने हिरावले नाही. मोबाईलवर मित्रांबरोबर खेळणाऱ्या मुलाकडे निदान ते मित्र उरतात; त्याच्या खेळाने झोप आणि अभ्यास खाल्ला, तर मात्र हिशेब तोट्याचा होतो. पैशाच्या डावात हरलेल्याकडे उरते ते कर्ज, आणि त्याहून जड असे गुपित.

या गुपिताचाच विचार शिक्षकांनी आणि पालकांनी अधिक करावयास हवा. मोबाईल हाती घेतलेल्या प्रत्येक मुलाला ‘बिघडलेला’ म्हणून एकाच पोत्यात घातले, की बिनपैशाचा खेळ खेळणारा मुलगा लपून खेळू लागतो आणि पैसे गमावून बसलेल्यास तोंड उघडण्याची जागाच राहत नाही. ‘जुगारी’ हा शब्द एकदा चिकटला की सुटत नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ऊसतोडीच्या उचलीतले, फीसाठी ठेवलेले अथवा बहिणीच्या लग्नासाठी साठविलेले पैसे गेले, हे घरात कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरविलेले नाही. ते घराने आणि शाळेनेही ठरवू नये. असा मुलगा सांगावयास आला, तर ‘किती गेले?’ याच्या आधी ‘बरे झाले सांगितलेस’ एवढे म्हणणारा एक शिक्षक प्रत्येक शाळेत असावा.

आणि ज्यांना मैदान अधिक मोलाचे वाटते, त्यांनी मैदान मोकळे ठेवावे. वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताला देऊन टाकायचा, पटांगणावर साहित्य रचून ठेवायचे, मुलींना सातवीनंतर कडेला बसवायचे आणि मग मुले मोबाईलला चिकटली म्हणून हळहळायचे, यात न्याय नाही. मांडव्याच्या वाटेवर शाळेसाठी धावणाऱ्या मुलाला त्या वेळी कोणी खेळाडू म्हणत नव्हते. आज जिल्ह्याच्या कोणत्या वाटेवर, कोणत्या पटांगणात आणि कोणत्या पडद्यासमोर कोण खेळत आहे, याची खेळाडू, टवाळ वा जुगारी अशी प्रतवारी लावण्यापूर्वी त्या मुलाचा खेळ पाच मिनिटे शेजारी बसून पाहण्याची तसदी मोठ्यांनी घ्यावी. पुष्कळ घरांत ती अद्याप घेतली गेलेली नाही.