दर दोन दिवसांना एक

फेब्रुवारी २००१मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, म्हणजे ऐन खरेदीच्या पेठेत, कपड्यांच्या एका बंद झालेल्या दुकानात मायकल लँडी या कलावंताने आपल्या मालकीची एकूण एक वस्तू मोडून तिचा चुरा केला. त्याआधी त्याने सगळ्याची यादी केली. मोज्यांपासून मोटारीपर्यंत सगळं त्या यादीत होतं. प्रेमपत्रं, पासपोर्ट, मित्रांनी दिलेली चित्रं, वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोटही. यादी भरली ७,२२७ वस्तूंची. चुरा करायला दोन आठवडे लागले आणि वजन झालं जवळजवळ सहा टन.

लँडी तेव्हा ३७ वर्षांचा होता. अगदी जन्मल्या दिवसापासून धरलं तरी सरासरी दर दोन दिवसांना एक वस्तू त्याच्या नावावर जमा होत गेली होती, किंबहुना थोडी जास्तच. वाटेत हरवलं, फाटलं, टाकलं, ते वेगळंच. शिवाय हा एकट्या माणसाचा हिशेब, घराचा नव्हे.

घराचा हिशेब अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये झाला. तिथल्या विद्यापीठातल्या मानवशास्त्रज्ञांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांत जाऊन दिसेल ती वस्तू मोजली. त्यावरचं पुस्तक २०१२मध्ये आलं. एका घरात पहिल्या तीनच खोल्यांत २,२६० वस्तू भरल्या. त्याही फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या. कपाटं, खण, खोकी उघडलीच नव्हती. चारांतल्या तीन कुटुंबांच्या गॅरेजमध्ये सामान इतकं साठलं होतं की गाडी बाहेर उभी राहायची.

आता पृथ्वीच्या पातळीवर बघा. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०२०मध्ये अंदाज मांडला, की माणसाने घडवलेल्या आणि आज वापरात असलेल्या सगळ्या गोष्टींचं वजन सुमारे १.१ लाख कोटी टनांवर पोचलं आहे. साऱ्या झाडांचं, प्राण्यांचं, सजीव सृष्टीचं कोरडं वजनही साधारण तेवढंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या वस्तू त्या वजनाच्या जेमतेम ३ टक्के होत्या. यातला बहुतेक भाग काँक्रीट, खडी, विटा आणि डांबराचा आहे हे खरं. पण एकट्या प्लास्टिकचंच वजन जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांच्या वजनाच्या दुप्पट भरतं. माणसाच्या या एकूण वस्तूंत दरवर्षी ३,००० कोटी टनांची भर पडते; माणशी वाटली तर आठवड्याला ७० किलोंहून अधिक. लँडीने आयुष्यभर जमवलेलं सहा टन म्हणजे या हिशेबात माणशी जेमतेम दीड वर्षाचा वाटा.

मग आपण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून शंभर वस्तू काढून भंगारवाल्याला देतो, त्याचं काय होतं? लँडीचाच वेग धरू. चौघांच्या घरात दिवसाला दोन वस्तू येतात. शंभरांची जागा पन्नास दिवसांत भरते, संक्रांत यायच्याही आधी. दरवर्षी जीव तोडून आवरणाऱ्या बायकांना आपण कमी पडतो असं वाटतं, पण त्या कमी पडत नाहीत. पसाऱ्याशी झुंज माळ्यावर लढली जाते आणि हरली जाते ती उंबऱ्यावर, कारण दिवसाला दोन वस्तू आत येताना कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

आणि संक्रांतीला तर आपण त्या हौसेने वाटतो. समजा, शंभर घरांच्या सोसायटीत प्रत्येक घरी हळदीकुंकू झालं आणि प्रत्येकीने बाकीच्या ९९ जणींना बोलावलं. रथसप्तमीपर्यंत ९,९०० वाणं हातोहात फिरतील. लँडीची सगळी मालमत्ता त्यात बसून वर २,६७३ वस्तू उरतात. प्रत्येकीच्या घरी ९९ डब्या, गाळण्या, वाट्या, चमचे येतात आणि त्यातलं तिने मागितलेलं काहीच नसतं. वाण लुटण्याची रीत मला फार प्रिय आहे. एकमेकींच्या घरी जाणं, तिळगूळ, ओटी भरणं, यातलं काहीही सुटू नये. फक्त वाण बदलायला हवं.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. येत्या संक्रांतीला संपणारं वाण द्या: मूठभर मटकी, गुळाचा खडा, अंगाचा साबण, उदबत्तीचा पुडा, मेथीच्या बियांची पुडी.