ट्रॉलीची जोडणी: घडवावी की विकत घ्यावी?
गैरसमज आणि वस्तुस्थिती

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना एकत्र बांधणाऱ्या भागांना येथे ‘जोडणी’ म्हटले आहे. ट्रॅक्टरच्या मागील ड्रॉबार किंवा हूक, ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाची कडी, या दोहोंतून आरपार जाणारी पिन, आणि हे सारे वाहनाच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे ब्रॅकेट व बोल्ट हे तिचे घटक होत. गाळप हंगामाच्या तोंडावर महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील अनेक ट्रॅक्टरमालकांपुढे हा प्रश्न उभा राहतो, की झिजलेली जोडणी गावातल्या वेल्डिंग वर्कशॉपमध्ये घडवून घ्यावी की तयार, क्षमता कोरलेली जोडणी विकत घ्यावी. या प्रश्नाची चर्चा बहुधा किंमत आणि कारागिरी या दोनच गोष्टींभोवती होते. प्रत्यक्षात निर्णायक मुद्दा तिसराच आहे. अमुक भार अमुक काळ सहन होईल याचा पुरावा ज्या जोडणीमागे आहे तीच रस्त्यावर नेण्याजोगी असते, मग ती कोणी आणि कुठे बनवली हा प्रश्न दुय्यम ठरतो. हा मुद्दा झाकोळून टाकणारे काही रूढ समज पुढे तपासले आहेत.

गैरसमज १: वजन चाकांवर असते, जोडणीला फक्त ओढायचे असते.

वस्तुस्थिती: या समजात अर्धे तथ्य आहे आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. मालासह १० टन भरणारी ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर संथ गतीने ओढताना चाकांचा रोध वजनाच्या साधारण दोन ते तीन टक्के असतो, म्हणजे जोडणीवर २०० ते ३०० किलोचीच ओढ येते. विसास एक अशा चढावर तीत ५०० किलोंची भर पडते, आणि शेतातल्या मऊ जमिनीतून गाडी बाहेर काढताना ही ओढ एक टनाच्याही पुढे जाते. परंतु जोडणी तुटते ती या संथ ओढीने क्वचितच. ती तुटते धक्क्यांनी. ब्रेक दाबल्यावर मागची ट्रॉली पुढे रेटते, खड्ड्यातून चाक उसळते, आणि पिन व कडी यांच्यातली मोकळी जागा, म्हणजे ‘प्ले’, प्रत्येक वेळी हातोड्यासारखा ठोका देते.

या धक्क्यांचा हिशेब करता यावा म्हणून वाहनांच्या यांत्रिक जोडण्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ५५ क्रमांकाच्या नियमावलीत ‘डी-मूल्य’ नावाची राशी वापरली आहे. ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांच्या वस्तुमानांचा गुणाकार करून त्याला त्यांच्या बेरजेने भागले आणि गुरुत्वीय त्वरणाने गुणले की हे मूल्य मिळते. अडीच टनांचा ट्रॅक्टर आणि १० टनांची ट्रॉली असेल तर ते सुमारे १९.६ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या वजनाइतके भरते. सपाट रस्त्यावरच्या संथ ओढीच्या ते सात ते दहा पट आहे, आणि जोडणीची निवड या आकड्यावरून करायची असते.

गैरसमज २: दोन ट्रॉल्या असतील तर मागची जोडणी हलकी चालते, कारण तिला एकच ट्रॉली ओढायची असते.

वस्तुस्थिती: संथ ओढीपुरते हे खरे असले तरी धक्क्यांच्या बाबतीत चित्र उलटते. दोन्ही ट्रॉल्या प्रत्येकी १० टनांच्या धरल्या तर ट्रॅक्टरच्या जोडणीसाठी अडीच आणि वीस टन या वस्तुमानांचा विचार करावा लागतो, ज्याचे उत्तर सुमारे २.२ टन येते. दोन ट्रॉल्यांमधल्या जोडणीच्या पुढे मात्र ट्रॅक्टर व पहिली ट्रॉली मिळून साडेबारा टन आणि मागे १० टन असतात, आणि पुढचा भाग ढोबळमानाने एकसंध मानला तर उत्तर साडेपाच टनांच्या वर जाते. वेगातला फरक सारखाच असताना मागच्या जोडणीवर आदळणारी ऊर्जा त्यामुळे सुमारे अडीचपट होते. याचे कारण असे, की हलका ट्रॅक्टर धक्का बसल्यावर स्वतः थोडा हलून तो सोसतो, पण दोन जड वस्तुमानांमध्ये सापडलेल्या पिनेला अशी सवलत मिळत नाही. म्हणून जुनी पिन काढून मागच्या ट्रॉलीला लावण्याची पद्धत सोडून दिली पाहिजे.

गैरसमज ३: पिन जाड असली की जोडणी भक्कम झाली.

वस्तुस्थिती: पिनेची जाडी जितकी महत्त्वाची आहे तितकेच तिच्या भोवतालच्या जागेचे मापही महत्त्वाचे आहे. ड्रॉबारच्या टोकाला वर आणि खाली अशा दोन पट्ट्या असून त्यांच्या मधे कडी बसत असेल, तर त्या रचनेला क्लेव्हिस म्हणतात. अशा रचनेत पिन दोन ठिकाणी कातरली जाण्याला विरोध करते. बांधकामाच्या साध्या पोलादाची, म्हणजे आयएस २०६२ या मानकातील ई २५० प्रतीची, २५ मिलिमीटर व्यासाची पिन घेतली तर केवळ कातरण्याच्या हिशेबाने ती सुमारे १४ टनांपर्यंत कायमची न विकृत होता टिकते. हा आकडा पाहून समाधान मानण्याची चूक येथेच होते.

दोन पट्ट्यांमधले अंतर ६० मिलिमीटर असेल आणि कडी पातळ असल्याने सारा भार पिनेच्या मध्यावर येत असेल, तर पिन कातरण्याआधी वाकते, आणि वाकण्याच्या हिशेबाने तीच पिन सुमारे २.६ टनांवर कायमची वाकू लागते. म्हणजे पहिल्या उदाहरणातले डी-मूल्य आणि पिनेची मर्यादा यांच्यात फारसे अंतर उरत नाही. घरी घडवलेल्या जोडणीत कडी सहज बसावी म्हणून हे अंतर ऐसपैस ठेवले जाते आणि नेमकी तीच सोय पिनेला दुबळी करते. प्रमाणित जोडणीत कडीची जाडी, छिद्राचा व्यास आणि पट्ट्यांमधले अंतर ही मापे एकमेकांशी जुळवलेली असतात. ट्रॅक्टरच्या जोडण्यांसाठी आयएसओ ६४८९ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या कडीसाठी आयएसओ ५६९२ ही मालिका याच कारणासाठी आहे.

गैरसमज ४: जितके कडक पोलाद, तितकी सुरक्षित जोडणी.

वस्तुस्थिती: कडकपणा आणि चिवटपणा हे पोलादाचे दोन वेगळे गुण आहेत, आणि जोडणीला दुसऱ्याची अधिक गरज असते. जुन्या मोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद अत्यंत कणखर असते, परंतु त्यातील कार्बनाचे प्रमाण जास्त असल्याने साध्या वेल्डिंगनंतर जोडाशेजारचा तापलेला पट्टा भराभर थंड होऊन ठिसूळ बनतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. अशा पोलादाला वेल्डिंगपूर्वी नियंत्रित तापवणी, कमी हायड्रोजन सोडणारे कोरडे इलेक्ट्रोड आणि नंतर सावकाश थंड करणे लागते. ७०१८ जातीचे इलेक्ट्रोड त्यासाठीच असतात, पण ते दमट हवेत उघडे राहिले तर त्यांचा मूळ गुण नाहीसा होतो.

बांधकामाच्या टीएमटी सळीतून पिन कातून घेणे हीदेखील अशीच चूक आहे. या सळीचे बळ तिच्या बाहेरच्या, पाण्याने झटकन थंड करून कडक केलेल्या थरात असते; लेथवर तो थर उतरवला की उरतो तो तुलनेने मऊ गाभा. पिनेसाठी ज्ञात प्रतीचे आणि योग्य उष्णतासंस्कार केलेले पोलाद हवे, तर ब्रॅकेटसाठी प्रत छापलेले बोल्ट हवेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे लिहिलेले असेल तर त्याची तुटण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन आणि कायमचे ताणले जाण्याची मर्यादा ६४० न्यूटन आहे असा त्याचा अर्थ होतो. ज्यावर काहीच लिहिलेले नाही, त्या बोल्टविषयी असे काहीही म्हणता येत नाही.

गैरसमज ५: भरगच्च ट्रॉली ओढून पाहिली आणि काही झाले नाही, म्हणजे जोडणीची परीक्षा झाली.

वस्तुस्थिती: एका खेपेने फक्त एवढेच सिद्ध होते की जोडणी त्या खेपेत तुटली नाही. धातू वारंवार बदलणाऱ्या ताणाने थकतो, त्याला अभियांत्रिकीत ‘थकवा’ असेच म्हणतात. ताण तुटण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असला तरी वेल्डिंगच्या कडेला सूक्ष्म भेग जन्म घेते, प्रत्येक हिसक्यासरशी किंचित वाढते, आणि उरलेला छेद पुरेनासा झाला की एखाद्या साध्या खड्ड्यातही तुकडा पडतो. येथे दोन तथ्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले असे, की वेल्डिंग केलेल्या जोडाचे थकव्याविरुद्धचे बळ पोलादाची प्रत वाढवल्याने जवळपास वाढत नाही, कारण भेग जोडाच्या कडेपासून सुरू होते. दुसरे असे, की अशा जोडावरील ताणाचा फरक दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, ते सुमारे एक अष्टमांश होते. जादा भरलेली प्रत्येक खेप त्यामुळे जोडणीचे आयुष्य दिसत नसलेल्या हिशेबात झपाट्याने संपवत असते.

५५ क्रमांकाच्या नियमावलीतील चाचणी याच वास्तवावर आधारलेली आहे. तीत पोलादी जोडणीला यंत्रावर वीस लाख आवर्तनांइतके उलटसुलट हिसके दिले जातात आणि त्यानंतर भेगा शोधल्या जातात. कोणतेही वर्कशॉप, कितीही कुशल असले तरी, डोळ्यांच्या अंदाजाने ही चाचणी करू शकत नाही.

गैरसमज ६: जोडणी कोणत्याही सोयीच्या उंचीवर बसवली तरी चालते.

वस्तुस्थिती: उंची हा ट्रॅक्टरच्या स्थैर्याचा प्रश्न आहे. मागचे चाक जमिनीला जिथे टेकते त्या बिंदूभोवती, जोडणीवरची ओढ ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्याचा प्रयत्न करते, आणि पिनेची जमिनीपासूनची उंची दुप्पट झाली की तेवढ्याच ओढीचा हा परिणामही दुप्पट होतो. पुढची चाके हलकी झाली की प्रथम स्टिअरिंग ऐकेनासे होते, आणि चढावर किंवा चिखलात जोर लावताना ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडू शकतो. कारखान्यातून येणारा ड्रॉबार मागच्या आसाच्या खाली ठेवलेला असतो तो यामुळेच. ट्रॉलीची दांडी उंच आहे म्हणून ट्रॅक्टरची जोडणी वर घेण्याऐवजी दांडीचे टोक खाली आणणे हाच योग्य मार्ग होय. एकाच आसाच्या दोनचाकी ट्रॉलीत माल आसाच्या मागे अधिक भरला तर दांडी वर उचलली जाऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते, ही गोष्टही याच हिशेबात मोडते.

गैरसमज ७: विकत घेतलेली जोडणी म्हणजे आपोआप सुरक्षित जोडणी.

वस्तुस्थिती: दुकानात मिळते एवढ्यावरून कोणतीच वस्तू प्रमाणित ठरत नाही. उत्पादकाचे नाव, ओढीची आणि उभ्या भाराची मर्यादा, मानकाचा उल्लेख आणि झिजेची सीमा यांपैकी काहीच ज्या जोडणीवर किंवा तिच्या कागदांवर नाही, ती रंगवलेली असली तरी तिची योग्यता गावात घडवलेल्या जोडणीइतकीच अज्ञात असते. ट्रॅक्टरच्या क्षमतेचा आकडाही येथे उपयोगी पडत नाही. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत होणारी ड्रॉबार चाचणी ट्रॅक्टर किती ओढ आणि किती शक्ती देतो हे मोजते. वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी ट्रॉलीची कडी किती टिकेल, हा त्या चाचणीचा विषय नाही.

गैरसमज ८: जोडणी हा मालकाचा खासगी मामला आहे.

वस्तुस्थिती: मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे पडतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. परंतु दंडापेक्षा मोठी बाब अशी, की सुटलेली ट्रॉली चालकाच्या हाती राहत नाही आणि तिच्या वाटेत येणाऱ्या दुचाकीस्वाराला किंवा पायी चालणाऱ्याला या निर्णयात कोणी विचारलेले नसते.

निर्णय कसा करावा

या साऱ्याचा अर्थ वर्कशॉपच्या कारागिरीला कमी लेखावे असा मुळीच नाही, कारण ट्रॉलीचा सांगाडा, साटा आणि दांडीचा स्टँड गावोगावची वर्कशॉपे उत्तम बनवतात. प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. कडी, पिन आणि ट्रॅक्टरकडचा हूक हे तीन घटक क्षमता कोरलेले आणि एकमेकांशी मापाने जुळणारे विकत घ्यावेत. ते वाहनावर बसवण्याचे काम वर्कशॉपने उत्पादकाच्या आराखड्याप्रमाणे आणि शक्य तेथे वेल्डिंगऐवजी प्रत छापलेल्या बोल्टने करावे. ट्रॅक्टरच्या मूळ ड्रॉबारला वेल्डिंग करू नये किंवा त्यात नवी छिद्रे पाडू नयेत. एखादा घटक घडवणे अटळच असेल तर पोलादाचे प्रमाणपत्र, अभियंत्याने केलेला भाराचा हिशेब आणि भेगा शोधणारी डाय पेनिट्रंट चाचणी, म्हणजे भेगेत शिरून ती उघडी पाडणाऱ्या रंगीत द्रवाची सोपी चाचणी, या तीन गोष्टी असल्याशिवाय तो रस्त्यावर आणू नये.

घडवलेली असो वा विकतची, जोडणीला सुरक्षा साखळी आणि पिन वर उसळू न देणारी क्लिप हवीच, आणि झिजलेली पिन किंवा लांबट झालेले छिद्र हंगाम सुरू होण्यापूर्वी बदललेच पाहिजे. मालकाने स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच आहे, की या जोडणीची क्षमता किती आहे आणि ती कोणी, कशी तपासली. ज्या जोडणीबाबत याचे उत्तर देता येत नाही, तिला भरलेली ट्रॉली लावू नये.