कुलूप नसलेले गुप्तधन

गुप्तधनाच्या कथांत तीन पात्रे हटकून असतात: धन पुरणारा कृपण, त्यावर वेटोळे घालून बसलेला नाग आणि ते लुटण्यास टपलेला चोर. यांपैकी एकाचाही ज्यात पत्ता नाही असा गुप्तधनाचा एक खेळ गेली पाव शतक जगभर खेळला जात आहे. त्यात लपविणारा स्वतःच ठिकाण जाहीर करतो, राखणीला कोणी नसते आणि शोधणारा सापडलेला डबा होता तेथेच परत ठेवून घरी जातो. जिओकॅशिंग हे या खेळाचे नाव. सुटीचा दिवस मुलाबाळांसह उघड्यावर घालविण्याचे एक निमित्त, एवढेच त्याचे स्वरूप वरकरणी दिसते. परंतु त्याचा पाया अनोळखी माणसावरील विश्वासाचा आहे, आणि त्याची दखल घ्यावयाची ती त्यामुळेच.

या निरुपद्रवी छंदाचा जन्म लष्करी साधनातून व्हावा, हा एक योगायोगच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या साह्याने स्थाननिश्चिती करणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारली. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत मात्र हेतुतः अशुद्धता मिसळली जाई आणि त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुके. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही अशुद्धता काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराजवळ, बीव्हरक्रीकच्या रानात, एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल, थोडे पैसे आणि घेवड्याच्या उसळीचा एक डबा होता. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर प्रसिद्ध केले. अट साधी होती: हवे ते घ्या, त्याबदली काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत माइक टीग याने ती बादली शोधून काढली. त्याच महिन्यात मॅट स्टम याने या खेळाला आजचे नाव दिले. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश याने त्याचे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा जगभर असे अवघे ७५ डबे होते. आज त्यांची संख्या तीस लाखांवर गेली आहे.

मात्र ही हौस यंत्रानेच निर्माण केली असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. तेथवर पायपीट करणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, ही कल्पना. तिच्यातूनच पुढे ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला. आपण येथवर पोहोचलो याची खूण मागून येणाऱ्यासाठी ठेवावी, ही ओढ उपग्रहांहून कितीतरी जुनी आहे.

प्रारंभ करू इच्छिणाऱ्या कुटुंबाला फारशी सामग्री लागत नाही. जीपीएसची सोय असलेला मोबाइल, एक पेन, पाणी आणि अदलाबदलीसाठी दोन-चार लहान वस्तू पुरतात. शोध किती अवघड आणि वाट किती बिकट, हे प्रत्येक डब्यापुढे एक ते पाच अशा दोन स्वतंत्र अंकांनी दर्शविलेले असते. वाटेचा अंक एक असेल तर चाकांच्या खुर्चीवरूनही तेथे जाता यावे, असा संकेत आहे. नवख्यांनी दोन्ही अंक लहान आणि डबा मोठा असेल तेथून आरंभ करावा. बोटाच्या पेराएवढ्या डब्या शोधण्याचा हव्यास पहिल्याच दिवशी धरला तर मुले कंटाळतात आणि छंद तेथेच संपतो.

मुलांच्या हातातील मोबाइलविषयी घरोघरी तक्रार आहे, आणि ती अनाठायी नाही. तेव्हा बाहेर पडण्याच्या खेळातही मोबाइलच का, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु या खेळात यंत्राचे राज्य अल्पकाळ चालते. उपग्रह जागेच्या काही मीटरांपर्यंत नेतात. गर्द झाडीत वा दरीत तेही चुकतात. शेवटची दहा पावले डोळ्यांनीच चालावी लागतात. दगडांची रचना अस्वाभाविक दिसते काय, बुंध्याची ढोली रिकामी आहे काय, याचा तर्क बापापेक्षा आठ वर्षांची मुलगी अनेकदा अधिक अचूक करते, कारण तिची नजर जमिनीच्या अधिक जवळ असते. थोरांनी सांगावे आणि लहानांनी ऐकावे हा नित्याचा क्रम तेवढ्यापुरता उलटतो. कुटुंबाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

विश्वासावर चालणाऱ्या व्यवहाराला तडे जातात, तसे यालाही गेले. डबे चोरीस जातात. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात असाच एक डबा संशयास्पद वस्तू ठरला आणि बॉम्बनाशक पथकाने तो उडवून दिला. भयग्रस्त काळात बेवारस डब्याकडे निर्मळ दृष्टीने पाहणे कठीण, हे मान्यच करावे लागेल. पण खेळणाऱ्यांनी अशा अनुभवांतून स्वतःला नियम घालून घेतले. जमीनमालकाची संमती घ्यावी, डबा कधीही पुरू नये, प्राणी ओढले जातील म्हणून त्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. या कसोटीवर अल्मरची ती पहिली बादली आज दोनदा नापास होईल! डबा शोधताना वाटेतील कचरा उचलून आणण्याची प्रथाही २००२ पासून रुजली आहे.

महाराष्ट्रात या छंदाचा प्रसार अद्याप बेताचाच आहे. परंतु दऱ्याखोऱ्यांत भटकणाऱ्यांची परंपरा येथे दांडगी आहे, त्यामुळे भूमी अनुकूल म्हणावी लागेल. अर्थात संरक्षित गड आणि अभयारण्ये यांत परवानगीवाचून डबा ठेवणे सर्वथा अनुचित होय. भिंगुळवाण्या बुरुजांवर स्वतःची नावे कोरणाऱ्या हौशी मंडळींचा उपद्रव आपल्याकडे थोडा नाही. ‘मी येथे आलो होतो’ हे सांगण्याची ऊर्मी त्यांनाही असते आणि नोंदवहीत सही करणाऱ्यालाही. एक जण ती भागविण्यासाठी सर्वांची वस्तू विद्रूप करतो; दुसरा वहीत दोन ओळी लिहितो, झाकण घट्ट लावतो आणि डबा जागच्या जागी ठेवतो. त्या वेळी तेथे पाहणारे कोणी नसते. सार्वजनिक वस्तू कशी वापरावी याचे धडे पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे दिले जात आहेत. रानातील एका डब्यापाशी आईवडील कसे वागतात, हे मुलांना एकदा पाहू दिले तर त्या धड्यांना काही अर्थ येईल.