ओमान : वाळू आणि लाटांचा देश

ओमान म्हटले की डोळ्यांपुढे रखरखीत वाळवंट येते. पण या देशाला लांबलचक समुद्रकिनाराही लाभला आहे. मस्कतच्या मुत्राह बाजारात लोबान, अत्तरे व चांदीचे दागिने पाहावेत. वाहिबाच्या वाळवंटात उंटावरून फेरफटका मारून रात्र तंबूत काढावी. पावसाळ्यात सलालाहचे हिरवेगार डोंगर पाहावेत.

मात्र अविस्मरणीय ठरते ती रास अल जिंझच्या किनाऱ्यावरची रात्र. तेथे समुद्री कासवांच्या माद्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात. हा सोहळा वाटाड्यासोबतच पाहावा. टॉर्च किंवा फ्लॅश वापरू नये. उजेडाने बिचकलेली मादी अंडी न घालताच परतते, तर पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात. पाहुण्यांनी घटकाभर अंधार सोसला, तर पिल्लांना समुद्राची वाट सापडते.