फर्नेस ‘लॉकआऊट’ होते तेव्हा

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोला घर घेतलेल्या मराठी कुटुंबाची तळघरातल्या गॅस फर्नेसशी खरी ओळख बहुधा ती बंद पडल्यावरच होते. बाहेर उणे पंधरा, थर्मोस्टॅट ‘हीट’वर, तरीही जाळीतून गार हवा येते आहे आणि फर्नेसच्या इवल्याशा काचेआड एक दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आहे. ‘मशीन बिघडलं’ हा पहिला समज इथेच होतो, आणि पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

लॉकआऊट झालेल्या फर्नेसने आपणहून गॅस बंद केलेला असतो. उष्णतेची मागणी आली म्हणून बर्नर लगेच पेटत नाही. आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा ज्वलनाच्या जागेतली हवा बाहेरच्या नळीकडे ओढतो. ती ओढ खरोखर लागली का, हे प्रेशर स्विच पाहतो. मग इग्नायटर लालबुंद तापतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत लागते. ज्योतीत फ्लेम सेन्सरची बारीक धातूची कांडी असते. ज्योतीतून तिच्यात काही मायक्रोअँपिअर इतकीच वीज वाहते, आणि ती वाहिली तरच ज्योत आहे असं कंट्रोल बोर्ड मानतो. काही सेकंदांत तशी खूण मिळाली नाही, तर व्हॉल्व्ह बंद. बहुतेक मॉडेल्स तीन ते पाच वेळा प्रयत्न करतात आणि मग थांबतात. काही तासाभराने स्वतःच पुन्हा सुरू होतात, काही दोषांत मात्र हाताने रीसेट करेपर्यंत बंदच राहतात.

म्हणजे प्रत्यक्षात ज्योत लागलेली असली, तरी तिची खात्री पटली नाही तर गॅस बंद होतो. कांडीवर बसलेल्या पातळ थरामुळेही असं घडतं: बर्नर पेटतो, पाच-सहा सेकंद जळतो, विझतो, पुन्हा पेटतो. तंत्रज्ञ ती कांडी घासून साफ करतो आणि बहुतेकदा तेवढ्यानेच काम भागतं.

‘ब्रेकर पाडून परत चालू केला की होतं सुरू’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. एकदा रीसेट करायला हरकत नाही. पण दर अर्ध्या तासाने तेच करत राहणं म्हणजे प्रयत्नांची मर्यादा आपणच काढून टाकणं. न पेटलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडा गॅस बाहेर पडलेला असतो. शिवाय अनेक बोर्डांवर वीज गेली की लुकलुकणारा कोड पुसला जातो, आणि दोष शोधायला तोच लागतो. म्हणून आधी दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, फोनवर त्याचा व्हिडिओ घ्या. त्या कोडचा अर्थ बहुधा पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यावर छापलेला असतो.

स्वतः पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या पाहाव्यात. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या. फर्नेसजवळचा स्विच, जो अगदी दिव्याच्या बटणासारखा दिसतो आणि तळघरात गेलेलं कुणीही तो सहज बंद करून येतं. भारतातून आलेल्या आई-बाबांना तो आवर्जून दाखवून ठेवावा. पुढचं झाकण नीट बसलं आहे का, कारण ते सैल असेल तर दाराचा स्विच सगळंच थांबवतो. भिंतीबाहेर निघालेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांच्या तोंडाशी बर्फ साचलाय का. आणि फिल्टर.

फिल्टर आणि हवेच्या जाळ्यांबाबत दोन समज घट्ट रुजलेले आहेत. एक, फिल्टर जितका दाट तितका चांगला. दुसरा, न वापरत्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या की गॅस वाचतो. दोन्हींनी हवेचा प्रवाह अडू शकतो, आतला हीट एक्स्चेंजर जास्त तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. थंड झाल्यावर तो स्विच आपोआप जुळतो, बर्नर पुन्हा पेटतो, स्विच पुन्हा तुटतो. हे वारंवार चालू राहिलं तर हीट एक्स्चेंजरच्या धातूला तडा जाण्याची भीती असते.

रोलआऊट स्विचची गोष्ट निराळी. ज्वाळा आपल्या जागेतून बाहेर आल्याचं जाणवलं की तो तुटतो, आणि बहुतेक मॉडेल्समध्ये त्यावरचं बारीक बटण हाताने दाबावं लागतं. ते दाबू नका, तंत्रज्ञाला बोलवा. कारण सापडल्याशिवाय ते दाबणारा माणूस आगीशी खेळतो आहे. प्रेशर स्विचला वायर जोडून वळसा घालण्याचे व्हिडिओही इंटरनेटवर सापडतात. तंत्रज्ञ मोजमापासाठी तसं क्षणभर करतो. रात्रभर घर तापवण्यासाठी तसं करणं म्हणजे धुराची वाट बंद असतानाही जाळ पेटवू देणं.

‘इतके सेफ्टी स्विच आहेत, मग वेगळा अलार्म कशाला?’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. वर सांगितलेल्यांपैकी एकही स्विच कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. आपण सिलिंडरच्या वासावर वाढलेली माणसं. गळती झाली तर नाकाला कळेल, हा आपला भरवसा. पण तो वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, आणि ज्वलनात तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याच्या विषबाधेत डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, म्हणजे फ्लूसारखीच लक्षणं दिसतात. अमेरिकेच्या सीडीसीच्या म्हणण्यानुसार, आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने तिथे दर वर्षी ४०० हून अधिक लोक दगावतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म हवाच, आणि त्यावरची मुदत संपली की नवा. अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएमला तो वाजायला एक ते चार तास लागू शकतात, त्यामुळे तो गप्प आहे म्हणजे हवा निर्मळच आहे असं नाही. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर अलार्मची वाट पाहू नका.

तो वाजला, किंवा गॅसचा वास आला, तर तंत्रज्ञाचा नंबर नंतर. कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ ला फोन करा. नुसता वास असेल तर गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांकही चालतो. फर्नेस दुरुस्त होईपर्यंत ऊब हवी म्हणून ओव्हन उघडा ठेवणं किंवा कोळशाची शेगडी आत आणणं हा तर तोच विषारी वायू स्वतः घरात सोडण्याचा प्रकार. त्याऐवजी विजेचा हीटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, पडदे आणि अंथरुणापासून तीन फूट दूर.

बाकी तंत्रज्ञाला कधी बोलवायचं? एका रीसेटनंतर पुन्हा लॉकआऊट झाला, पेटताना धाडकन आवाज आला, ज्योत निळी न राहता पिवळी पडली, काजळी दिसली किंवा फर्नेसखाली पाणी साचलं, तर त्याच दिवशी. फोनवर कोड, मॉडेल नंबर, ज्योत लागून विझते की लागतच नाही, आणि फिल्टर कधी बदलला, एवढं सांगितलंत की योग्य तो सुटा भाग त्याला सोबत घेऊन येता येईल.